डेल्टाचे कुळ आणि वऱ्हाडातली लाट

जनुकक्रम-वाचन, म्हणजे एखाद्या सजीवाच्या किंवा विषाणूच्या आनुवंशिक द्रव्यातील न्यूक्लिओटाइड नावाचे रासायनिक घटक कोणत्या क्रमाने मांडलेले आहेत हे ओळखण्याचे तंत्र, वऱ्हाडातल्या सामान्य वाचकाच्या कानावर प्रथम ठळकपणे आले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये, जेव्हा अमरावती, अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत करोनाचे रुग्ण ध्यानीमनी नसताना वाढू लागले आणि वर्तमानपत्रांतून 'जिनोम सिक्वेन्सिंग' हा शब्द रोज छापून येऊ लागला. पुढे 'डेल्टा' या नावाने जगभर पोचलेल्या विषाणू-प्रकाराची कुळकथा या प्रदेशाला वगळून सांगता येत नाही. मात्र ती नीट समजून घ्यायची तर आधी ज्या तंत्राने हे कुळ उघडकीस आले त्या तंत्राचीच वंशावळ पाहावी लागते.

या तंत्राचा पाया केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी घातला. डीएनएची नवी साखळी तयार होत असताना तीत असा एखादा बनावट घटक मिसळायचा, की जो जोडला गेला की साखळीची वाढ तिथेच थांबावी, ही त्यांची युक्ती होती. अशा थांबलेल्या, लहानमोठ्या लांबीच्या तुकड्यांना जेलमधून वेगळे केले की कोणत्या जागी कोणता घटक आहे हे वाचता येते. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने फाय-एक्स-१७४ या जिवाणूभक्षक विषाणूचा सुमारे ५,४०० अक्षरांचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला आणि १९८० मध्ये सँगर यांना दुसऱ्यांदा नोबेल पारितोषिक मिळाले. मानवाच्या जनुकसंचात तीन अब्जांच्या आसपास अक्षरे आहेत, आणि १९९० मध्ये सुरू झालेला त्यांच्या वाचनाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००३ पर्यंत चालला, यावरून ही पद्धत खात्रीची असली तरी किती संथ होती हे ध्यानात येते. वेग आला तो शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन या केंब्रिजमधल्याच दोन रसायनशास्त्रज्ञांच्या कामामुळे. चेन्नईत जन्मलेल्या बालसुब्रमण्यन यांनी आणि क्लेनरमन यांनी साखळी थांबवणारा घटक काढून टाकता येईल असा बनवला: एक अक्षर जोडले जाते, वाढ थांबते, त्या अक्षराला चिकटवलेल्या रंगाचे छायाचित्र घेतले जाते, मग अडसर दूर होतो आणि पुढचे अक्षर जोडले जाते, आणि हे एकाच काचपट्टीवर कोट्यवधी तुकड्यांच्या बाबतीत एकाच वेळी घडते. त्यांची सोलेक्सा ही कंपनी २००७ मध्ये इल्युमिना या अमेरिकी कंपनीने विकत घेतली. सँगर यांनी वाचलेल्या त्या पहिल्या विषाणूचा डीएनए आजही या यंत्रांमध्ये वाचन बिनचूक होते आहे ना हे तपासण्यासाठी नमुन्यांत मिसळला जातो, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

सार्स-कोव्ह-२ या विषाणूचे आनुवंशिक द्रव्य आरएनए आहे आणि त्याची लांबी २९,९०३ अक्षरे, म्हणजे मानवी जनुकसंचाच्या तुलनेत नगण्य. चीनमधील झांग योंगझेन यांच्या गटाने वाचलेला त्याचा पहिला क्रम त्यांचे सहकारी एडवर्ड होम्स यांच्यामार्फत जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात सर्वांसाठी खुला झाला आणि पुढचे सर्व क्रम त्याच्याशीच ताडून पाहण्याची पद्धत रूढ झाली. आरटीपीसीआर चाचणी विषाणूच्या दोन-तीन ठरावीक जागा शोधते आणि 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगते. क्रमवाचनात मात्र रुग्णाच्या नाकातून घेतलेल्या स्रावातील आरएनएचे आधी डीएनएमध्ये रूपांतर करावे लागते, मग प्रायमर नावाच्या छोट्या तुकड्यांच्या साहाय्याने सुमारे ४०० अक्षरांचे, एकमेकांवर थोडेसे चढलेले भाग असंख्य प्रतींत वाढवावे लागतात, ते यंत्रावर वाचावे लागतात, आणि शेवटी संगणकावर जुळवून पूर्ण क्रम उभा करावा लागतो. नमुन्यात विषाणू पुरेसा नसेल किंवा वाहतुकीत नमुना थंड राहिला नसेल तर मधले भाग कोरे राहतात.

क्रमातला बदल म्हणजे उत्परिवर्तन, आणि ते कसे ओळखले जाते हे एका जागेपुरते पाहणे उपयोगाचे आहे. मानवी पेशीला चिकटणाऱ्या काटा-प्रथिनाची माहिती क्रमातील २१,५६३ व्या अक्षरापासून सुरू होते आणि दर तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल ठरते. त्या हिशेबाने ४५२ वे अमिनो आम्ल २२,९१६ ते २२,९१८ या तीन अक्षरांवर अवलंबून असते. मूळ विषाणूत तिथे 'सीटीजी' आहे, ज्यातून ल्यूसिन तयार होते. २२,९१७ व्या जागी 'टी' जाऊन 'जी' आला की 'सीजीजी' होते आणि ल्यूसिनच्या जागी आर्जिनिन येते. या बदलालाच 'एल४५२आर' म्हणतात. एका अक्षराने प्रथिन बदलते हे विदर्भाला नवे नाही, कारण येथे मोठ्या प्रमाणावर आढळणारा सिकलसेल आजारही हिमोग्लोबिनच्या जनुकातील 'जीएजी'चे 'जीटीजी' झाल्यानेच होतो. फरक एवढाच की सिकलसेलमधला बदल पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात टिकून राहतो, तर या विषाणूत सरासरी महिन्याला दोन अशा गतीने नवे बदल साचत जातात. साचलेल्या या बदलांमुळेच कुळ शोधता येते, कारण ज्या दोन नमुन्यांत तेच ते बदल सापडतात त्यांचा पूर्वज एकच असण्याची शक्यता मोठी असते. अँड्र्यू रॅम्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये या शाखांना नावे देण्याची पद्धत घालून दिली, आणि 'बी.१.६१७' हे त्या पद्धतीतले नाव आहे.

सप्टेंबर २०२० च्या मध्यास देशात दिवसाला ९७ हजारांच्या पुढे गेलेली रुग्णसंख्या फेब्रुवारी २०२१ च्या आरंभी दहा हजारांच्या आसपास आली होती आणि साथ सरली असा सार्वत्रिक समज झाला होता. वऱ्हाडातली वाढ या समजाशी जुळत नव्हती. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी लागू झाली आणि त्याच सुमारास अकोला, अकोट, मूर्तिजापूर येथेही कडक निर्बंध आले. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात २०२० पासूनच आरटीपीसीआर चाचणी होत होती, त्यामुळे रुग्ण वाढत आहेत हे लगेच कळले. का वाढत आहेत हे कळण्यासाठी मात्र नमुने पुण्याला पाठवणे भाग होते.

पुण्यात बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि राष्ट्रीय विषाणू संस्था ही दोन ठिकाणे होती. यांतली दुसरी १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेली. फेब्रुवारीत वाचलेल्या थोड्या नमुन्यांनंतर राज्याच्या आरोग्य विभागाने स्पष्ट केले, की ब्रिटन, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील येथे सापडलेले प्रकार अमरावती व यवतमाळच्या नमुन्यांत आढळलेले नाहीत. हे विधान खरे होते. परंतु त्या काळात सगळ्यांचे लक्ष परदेशातून येणाऱ्या तीन ज्ञात प्रकारांवर खिळलेले होते आणि प्रश्नच 'बाहेरचा आला का' असा विचारला गेला होता, त्यामुळे उत्तर 'नाही' आल्यावर पुष्कळांनी त्याचा अर्थ 'काही वेगळे नाही' असा घेतला. क्रमवाचन पडताळणीपुरते वापरले तर ज्ञात यादीपलीकडचे काही सांगू शकत नाही; त्याचे खरे बळ सरसकट वाचून, तारीख आणि ठिकाण लावून, महिन्यामागून महिना तुलना करण्यात आहे, आणि तेवढे नमुने तेव्हा वाचले जात नव्हते.

तशी तुलना करण्यासाठी डिसेंबर २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारने दहा प्रयोगशाळांचा 'इन्साकॉग' हा गट स्थापन केला होता. महाराष्ट्रातल्या त्यातल्या दोन्ही प्रयोगशाळा पुण्यात होत्या, राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र. विदर्भात एकही नव्हती. बाधित नमुन्यांपैकी पाच टक्के वाचावेत असे उद्दिष्ट ठरले होते, पण २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या निवेदनानुसार तोवर राज्यांकडून आलेले बाधित नमुने १०,७८७ इतकेच होते. त्याच निवेदनात असेही नमूद होते, की डिसेंबरच्या तुलनेत महाराष्ट्राच्या नमुन्यांत 'ई४८४क्यू' आणि 'एल४५२आर' हे दोन बदल असलेल्यांचे प्रमाण वाढले असून ते १५ ते २० टक्क्यांवर गेले आहे, आणि हे नमुने आधी नोंदलेल्या कोणत्याही चिंताजनक प्रकाराशी जुळत नाहीत. वर्तमानपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटले. शास्त्रीयदृष्ट्या हे नाव पोकळच होते, कारण या विषाणूत दोन नव्हे तर डझनाहून अधिक बदल होते.

पण कुळकथेतले खरे वळण याच्या पुढे आहे. बी.१.६१७ ही एकच शाखा नसून तिला तीन फांद्या आहेत हे एप्रिलमध्ये अधिक क्रम हाती आल्यावर उलगडले. बी.१.६१७.१ मध्ये एल४५२आर, ई४८४क्यू आणि पी६८१आर हे बदल होते, बी.१.६१७.२ मध्ये एल४५२आर आणि पी६८१आर होते, मात्र ई४८४क्यू नव्हता आणि त्याऐवजी टी४७८के होता. म्हणजे मार्चमध्ये ज्या जोडीवरून इशारा दिला गेला ती जोडी जगभर पसरलेल्या फांदीत नव्हतीच. आधी लक्षात आली ती थोरली बहीण, आणि तिच्या आडून धाकटी पुढे निघून गेली. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरांची नावे दिली तेव्हा पहिली 'कप्पा' झाली आणि दुसरी 'डेल्टा'. दोन्हींचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० मधले आणि भारतातले म्हणून नोंदले गेले. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील नमुन्यांवर जुलैत प्रसिद्ध केलेल्या निबंधातही राज्यातल्या दुसऱ्या लाटेत याच दोन शाखा प्रामुख्याने फिरत असल्याचे दाखवून दिले.

काही लेखनात अमरावती हे डेल्टाचे उगमस्थान असल्याचे बिनदिक्कत सांगितले जाते, ते मात्र जपून घ्यावे लागते. एखाद्या गावी लाट आधी दिसली आणि तिथले नमुने आधी वाचले गेले, यावरून विषाणूचा बदल तिथेच घडला असे ठरत नाही. ज्या जिल्ह्यांतून ऑक्टोबर ते जानेवारी या काळात नमुनेच गेले नाहीत त्यांची पाने कोरी आहेत, आणि कोऱ्या पानांवरून निर्दोषत्व सिद्ध होत नाही तसे अपराधही सिद्ध होत नाही. वऱ्हाडाबद्दल खात्रीने एवढेच म्हणता येते, की राज्यातल्या दुसऱ्या लाटेची पहिली चढण येथे दिसली.

क्रम हाती आल्यावर वैद्यकाला त्याचा उपयोग तीन अंगांनी झाला. राष्ट्रीय विषाणू संस्थेत प्रज्ञा यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवून लसवंतांच्या रक्तातील प्रतिपिंडे त्याला कितपत निष्प्रभ करतात हे तपासले. दुसरे, बामलानिव्हिमॅब हे एकाच प्रतिपिंडाचे औषध डेल्टावर चालत नाही हे कळले, कारण ते ज्या जागी चिकटते तीच ४५२ वी जागा बदललेली होती. तिसरे अधिक दूरगामी होते. ब्रिटनमध्ये बाधितांचे नमुने मोठ्या प्रमाणावर वाचले जात असल्याने कोणत्या लसवंताला कोणत्या प्रकाराची लागण झाली हे जोडून पाहता आले आणि लसीची एक मात्रा डेल्टाच्या लक्षणयुक्त आजारापासून ३०.७ टक्के, तर अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या (भारतातली कोव्हिशील्ड) दोन मात्रा ६७ टक्के संरक्षण देतात असा निष्कर्ष निघाला. पूर्ण निष्कर्ष हाती येण्याआधीच, १४ मे २०२१ रोजी, ब्रिटनने पन्नाशीपुढील नागरिकांसाठी दोन मात्रांमधील अंतर बारा आठवड्यांवरून आठवर आणले. त्याच्या आदल्याच दिवशी भारताने कोव्हिशील्डचे अंतर बारा ते सोळा आठवडे केले होते. भारतात लसींचा तुटवडा होता आणि अंतर वाढवण्यामागे इतर निरीक्षणांचाही आधार दिला गेला, म्हणून दोन निर्णयांची सरळ तुलना अन्याय्य ठरेल; तरीही एकाच विषाणूपुढे दोन देश एका दिवसाच्या अंतराने विरुद्ध दिशांना गेले, यात कोणाकडे वाचलेल्या क्रमांना रुग्णाच्या लसीच्या नोंदीशी जोडण्याची सोय होती हा भाग दुर्लक्षिण्याजोगा नाही.

डेल्टाने वाचनाच्या साधनालाही चकवले. जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रायमर-संचाच्या तिसऱ्या आवृत्तीतला ७२ व्या भागाचा प्रायमर नेमका डेल्टात बदललेल्या जागेवर बसत असे. त्यामुळे तो भाग नीट वाढत नसे आणि 'जी१४२डी' हा बदल असंख्य नमुन्यांत असूनही नोंदीत दिसत नसे. पहिले काही महिने तो डेल्टाचा अधूनमधून आढळणारा बदल समजला गेला, आणि २०२१ च्या मध्यास प्रायमरांची चौथी आवृत्ती आल्यावर तो बहुतेक डेल्टा-नमुन्यांत असल्याचे स्पष्ट झाले.

इन्साकॉगमधील प्रयोगशाळांची संख्या २०२१ मध्येच दहावरून अठ्ठावीसवर नेण्यात आली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला बोट्सवानात घेतलेल्या नमुन्यांत एक अपरिचित क्रम सापडला, २४ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने तो जागतिक आरोग्य संघटनेला कळवला आणि २६ नोव्हेंबरला त्याला 'ओमिक्रॉन' हे नाव मिळाले. ऑक्टोबर २०२० मधल्या डेल्टाच्या पहिल्या नमुन्यांपासून मार्चच्या निवेदनापर्यंत पाच महिने गेले होते. ओमिक्रॉनला पंधरा दिवस पुरले, आणि महाराष्ट्रातला त्याचा पहिला रुग्ण ४ डिसेंबर रोजी कल्याण-डोंबिवलीत नोंदला गेला तेव्हा राज्यात त्याची लाट अजून सुरू व्हायची होती.