टीओडी म्हणजे काय? 'स्टेशनपासून ५ मिनिटं' खरं आहे का, मोबाईलवर असं तपासा

भाड्याचा फ्लॅट शोधताना 'स्टेशनपासून फक्त ५ मिनिटं' ही ओळ तुम्ही नक्की वाचली असेल. या एका ओळीसाठी आपण दर महिन्याला जास्त भाडं द्यायला तयार होतो. मीही झालो होतो. नकाशावर स्टेशन अगदी शेजारी दिसत होतं. राहायला गेल्यावर कळलं की मध्ये रेल्वेचे रूळ आहेत आणि पलीकडे जायचा पूल बराच लांब आहे. रोज १८ मिनिटं चालायचो. ११ महिन्यांचा करार झालेला, करणार काय!

या फसगतीचा संबंध शहर नियोजनातल्या एका संकल्पनेशी आहे. तिचं नाव ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट, म्हणजेच टीओडी.

टीओडी म्हणजे नेमकं काय?

आधी स्टेशन आणि मग त्याभोवती चालत पोहोचता येईल अशी वस्ती, ही टीओडीची साधी कल्पना. अमेरिकन नगररचनाकार पीटर कॅल्थॉर्प यांनी १९९३ च्या पुस्तकातून ती लोकांपुढे मांडली. भारत सरकारचं टीओडी धोरण २०१७ मध्ये आलं. त्यात स्टेशनभोवतीचा साधारण ५०० ते ८०० मीटरचा परिसर धरला आहे. यात तीन गोष्टी लागतात:

१. दाट वस्ती: स्टेशनजवळ जास्त एफएसआय दिला जातो. एफएसआय २ असेल तर १,००० चौरस मीटरच्या प्लॉटवर एकूण २,००० चौरस मीटर बांधकाम करता येतं.
२. मिश्र वापर: घरं, ऑफिसं, दुकानं, शाळा एकाच परिसरात.
३. चालण्याची सोय: सलग फुटपाथ, सुरक्षित क्रॉसिंग, दिवे.

पहिली गोष्ट बिल्डरला परवडते, म्हणून ती पटकन होते. तिसरी राहून गेली तर स्टेशनजवळ फक्त उंच इमारती आणि ट्रॅफिक वाढतं.

नवी मुंबईत काय झालं?

'टीओडी' हा शब्द रुळण्याआधीच आपल्याकडे असा प्रयत्न झाला होता. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. रेल्वेमार्गालगत एकामागून एक उपनगरं, म्हणजे 'नोड', वसवायची अशी योजना होती. पुढे रेल्वेमार्गाचा सुमारे ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला आणि उरलेला ३३ टक्के रेल्वेने. वाशी स्टेशनच्या इमारतीतच ऑफिसं आहेत. लोकलमधून उतरा आणि लिफ्टने कामावर जा!

पण वाशीला पहिली लोकल पोहोचली १९९२ मध्ये, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर २२ वर्षांनी. तोपर्यंत राहायला आलेल्यांना रस्त्यावरच अवलंबून राहावं लागलं. म्हणून 'भविष्यात इथे मेट्रो येणार' एवढं ऐकून आज जास्त भाडं देऊ नका.

५०० मीटरचं वर्तुळ का फसवतं?

नियोजनात किंवा जाहिरातीत अंतर बऱ्याचदा सरळ रेषेत मोजतात. आपण मात्र रस्त्याने चालतो. काटकोनात वळणारे रस्ते असतील, तर सरळ रेषेतले ५०० मीटर चालताना ७०० मीटरपर्यंत होऊ शकतात. मध्ये रूळ, नाला किंवा हायवे आला तर आणखी जास्त. साधारण माणूस मिनिटाला ८० मीटर चालतो, म्हणजे ५ मिनिटांत ४०० मीटर. हा आकडा लक्षात ठेवा.

मोबाईलवर कसं तपासायचं?

- गूगल मॅप्समध्ये इमारतीच्या गेटवर बोट दाबून धरा, पिन पडेल. इथून सुरुवात करा.
- शेवटचं ठिकाण म्हणून फक्त स्टेशनचं नाव टाकू नका. तुम्ही वापरणार ते प्रवेशद्वार किंवा पुलाचा जिना निवडा.
- बाईकचं नाही, पायी चालणाऱ्या माणसाचं चिन्ह निवडा. जाहिरातीतली '५ मिनिटं' अनेकदा गाडीची असतात.
- पिनवरून अंतर मोजण्याचा पर्याय वापरून सरळ रेषेतलं अंतरही बघा. चालण्याचं अंतर त्याच्या दीडपटीहून जास्त असेल तर मध्ये काहीतरी अडथळा आहे असं समजा.
- स्ट्रीट व्ह्यू उपलब्ध असेल तर फुटपाथ बघा. फोटो कधीचा आहे तेही तपासा.

फुटपाथवर गाड्या लागतात का, रात्री दिवे असतात का, पावसात पाणी साचतं का, हे ॲप सांगत नाही. त्यामुळे टोकन देण्याआधी एकदा रात्री नऊनंतर स्टेशनवरून घरापर्यंत स्वतः चालून बघा. मोबाईलमध्ये स्टॉपवॉच लावा. जो आकडा येईल तो घरमालकाला दाखवा आणि मगच भाड्याचं बोला.