टिकाऊ ‘व्हेरिएबल व्होल्टेज’ व्हेप कोणता घ्यावा? आधी आतलं यंत्र आणि कायदा समजून घ्या

सातारा-सांगली भागातले ओळखीचे लोक मला मोबाईल, लॅपटॉप, इन्व्हर्टर असं काहीबाही विचारत असतात. त्यात अधूनमधून हा प्रश्नही येतो: व्होल्टेज कमी-जास्त करता येईल असा, वर्ष-दोन वर्षं टिकेल असा व्हेप कोणता? विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना सिगारेट सोडायची असते. त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

थोडक्यात उत्तर: भारतात कायदेशीरपणे विकत घेता येईल असा एकही व्हेप नाही. आणि जो चोरून मिळतो, त्यात ‘टिकाऊ’ ओळखायचा कोणताच भरवशाचा मार्ग ग्राहकाच्या हातात नसतो. असं का, ते आता सविस्तर पाहू.

आत नेमकं काय असतं?

व्हेपमध्ये चार मुख्य भाग असतात: लिथियम-आयन सेल, नियंत्रण करणारी छोटी सर्किट प्लेट, तारेची कॉइल आणि कॉइलमधला कापूस. कापूस द्रव शोषून घेतो, कॉइल तापते, द्रवाची वाफ होते. कॉइलची तार बऱ्याचदा नायक्रोमची असते, म्हणजे आपल्या इलेक्ट्रिक शेगडीत असते त्याच जातीची. द्रवात प्रामुख्याने प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, सोबत फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटीन. प्रोपिलीन ग्लायकॉल साधारण १८८ अंश सेल्सियसला उकळतं, ग्लिसरीन २९० च्या आसपास.

आजच्या व्हेपचं मूळ २००३ साली चीनमधल्या होन लिक या फार्मासिस्टने केलेल्या उपकरणात आहे. सुरुवातीच्या उपकरणांत व्होल्टेज हातात नव्हतं. सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट, उतरत आला की ३.५ च्या खाली, म्हणजे वाफही तशीच कमी-जास्त. त्यावरचा उपाय म्हणून व्हेरिएबल व्होल्टेज आलं.

व्होल्टेज थोडं वाढवलं तर काय होतं?

इथे दहावीतला ओहमचा नियम पुरतो. वॅट = व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम. १.८ ओहमची कॉइल घेऊन हिशोब करू:

- ३.३ व्होल्ट: सुमारे ६ वॅट
- ३.७ व्होल्ट: सुमारे ७.६ वॅट
- ४.८ व्होल्ट: सुमारे १२.८ वॅट

म्हणजे ३.३ वरून ४.८ वर गेलात तर व्होल्टेज दीडपटही होत नाही, पण उष्णता दुपटीच्या वर जाते. बटण दोनदा दाबल्यावर आकडा जरासाच हलतो, म्हणून हे सहज लक्षात येत नाही.

आता कॉइल बदला. ४.८ व्होल्टच ठेवून १ ओहमची कॉइल लावली तर थेट २३ वॅट. म्हणून नुसता व्होल्टचा आकडा सांगून काही कळत नाही. सोबत कॉइलचा ओहम लागतो. ‘व्हेरिएबल वॅटेज’ उपकरणात चिप कॉइलचा रोध स्वतः मोजते आणि त्याप्रमाणे व्होल्टेज ठरवते. ‘व्हेरिएबल व्होल्टेज’मध्ये तो हिशोब वापरणाऱ्याच्या डोक्यावर असतो.

आणखी एक गोष्ट. सेल ३.५ व्होल्टवर असताना बाहेर ४.८ हवे असतील तर बूस्ट कन्व्हर्टर लागतो. कॉइलला २.७ अँपिअर मिळत असतात, पण १० टक्के ऊर्जा वाया जाते असं धरलं तर सेलमधून ४ अँपिअरच्या वर ओढले जातात. खरा ताण सेलवर येतो.

जास्त उष्णता म्हणजे फक्त जास्त वाफ नव्हे

कराड-सांगलीकडच्या ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. काहिलीत रस भरपूर असताना चुलवाणात जाळ वाढवला तर चालतो. रस आटत आल्यावर तोच जाळ ठेवला तर गूळ करपतो. म्हणून गुळव्याची नजर काहिलीवरून हटत नाही. व्हेपमध्ये कापूस कोरडा पडत असताना कॉइल तापत राहिली तर तेच होतं, फक्त करपलेला माल छातीत जातो.

जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचं एक पत्र छापून आलं. त्यांनी व्हेरिएबल व्होल्टेज उपकरणच तपासलं होतं. ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं त्यांना सापडली नाहीत; ५ व्होल्टला सापडली. फॉर्मल्डिहाइड कर्करोगाला कारणीभूत ठरणारा पदार्थ आहे. या प्रयोगावर आक्षेपही आले: त्या कॉइलवर ५ व्होल्ट म्हणजे कोरडा, करपट झुरका, आणि इतकी कडवट चव कोणी सहन करणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण त्यातून मुद्दा आणखी पक्का होतो: सुरक्षितता सेटिंग, कॉइल आणि कापूस या तिन्हींच्या मेळावर अवलंबून आहे, आणि तो मेळ बिघडलाय हे बऱ्याचदा फक्त जिभेला कळतं.

‘टिकाऊ’ म्हणजे काय टिकायला हवं?

कॉइल आणि कापूस या संपणाऱ्याच वस्तू आहेत. त्यांना टिकाऊपणात धरू नका. बाकी उपकरण मरतं ते या कारणांनी:

१. सेल. साधारण ३०० ते ५०० चार्जिंग झाली की लिथियम-आयन सेलची क्षमता ठळकपणे घटते. रोज चार्ज केला तर वर्ष-दीड वर्षाचा हिशोब. सेल बदलता येत नसेल तर उपकरणच फेकायचं.

२. चार्जिंग पोर्ट आणि बटण. सर्वात जास्त हाताळले जाणारे भाग. खिशातली धूळ आत जाते, सोल्डर सुटतं.

३. गळती. द्रव खाली झिरपून सर्किट प्लेटवर गेला की गंज चढतो.

४. उष्णता. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या लिथियम सेलचं आयुष्य झपाट्याने कमी होतं.

५. संरक्षण सर्किट. शॉर्ट सर्किट, जादा चार्जिंग, जादा तापमान यावर पुरवठा तोडणारं सर्किट. बाहेरून पाहून ते आहे की नाही हे सांगता येत नाही. मे २०१८ मध्ये फ्लोरिडात व्हेपचा स्फोट होऊन एका माणसाचा मृत्यू झाला होता.

यातला सेल तपासण्याचं ज्ञान मात्र तुम्हाला इतरत्र नक्की उपयोगी पडेल. टॉर्च, पॉवर बँक, काही बॅटरी फवारणी पंप यांतही तेच १८६५० सेल असतात: १८ मिलीमीटर व्यास, ६५ मिलीमीटर लांबी. चांगल्या सेलची क्षमता साधारण २,००० ते ३,५०० एमएएच असते आणि वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. त्यावर ‘९९०० एमएएच’ छापलेलं असेल तर तो सेल खोटा आहे, चर्चाच नको. वजनकाट्यावर ठेवलात तर बऱ्याचदा हलकाही भरतो.

कायदा काय म्हणतो?

१८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेच्या मंजुरीने त्याचा कायदा झाला. त्यानुसार ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. काही समज इथे दूर करू:

- “निकोटीन नसलेला चालतो.” नाही. व्याख्येत निकोटीन असो वा नसो, दोन्ही येतात. ई-हुक्काही येतो.
- “फक्त कॉइल मागवली, व्हेप नाही.” कायद्यात पूर्ण वस्तू आणि तिचा कोणताही भाग, दोन्ही आहेत.
- “दुबईहून भाऊ येताना आणेल.” ती आयात झाली.
- “पुण्याहून कुरिअरने मागवतो.” पाठवणारा विकतोय, मधला वाहतूक करतोय. दोन्ही गुन्हे.

पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठा केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मित्रांसाठी चार नग मागवून वाटणारा पोरगाही यात सापडू शकतो, हे कॉलेजच्या मुलांनी विशेष लक्षात ठेवावं.

इंग्लंडमध्ये तर डॉक्टरच सांगतात ना?

हो, तिथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडणाऱ्या प्रौढांना व्हेपचा पर्याय सुचवते. पण तिथे द्रवातल्या निकोटीनवर मर्यादा आहे (मिलीलीटरला २० मिलीग्रॅम), माल नोंदवावा लागतो आणि १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आहे. आपल्याकडे चोरून येणाऱ्या मालाला यातलं काहीच लागू नाही. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपशी संबंधित फुफ्फुसाच्या आजाराने फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात दाखल झाले किंवा दगावले. त्यातले मृत्यू ६८. मुख्य संशय व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता आणि तो बहुतांशी अनधिकृत मार्गाने घेतलेल्या गांजाच्या अर्काच्या काडतुसांत सापडला. द्रवात काय आहे हे कोणी तपासत नसेल, तर ३.३ व्होल्ट ठेवले काय आणि ४.८ ठेवले काय.

मग करायचं काय?

सिगारेट किंवा तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. तंबाखूच्या पाकिटावरही हा नंबर छापलेला असतो. निकोटीनचे च्युइंग गम आणि पट्ट्या मेडिकल दुकानात कायदेशीरपणे मिळतात. किती आणि किती दिवस घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

व्होल्टेज कमी-जास्त करण्याचीच हौस असेल तर बक-बूस्ट मॉड्यूल, मल्टिमीटर आणि एक जुनी बारा व्होल्टची एलईडी पट्टी घेऊन बसा. वरचा सगळा हिशोब तिथे करून पाहता येतो.

आणि घरात जुना व्हेप पडलेला असेल तर तो घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. सेल निघत असेल तर काढा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेलेला लिथियम सेल पेटतो, आणि तेव्हा शेजारी कामगार उभा असतो.