विंचूदंश आणि डॉक्टरांचे प्रश्न

डॉक्टरांसाठी संगणकीय साधन घडवायचे, तर रुग्ण समोर असताना डॉक्टरला नेमके काय कळायला हवे असते, हे आधी पाहावे लागते. रायगड जिल्ह्याने याचा मोठा धडा घालून दिला आहे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः लहान मुले, फुप्फुसात पाणी भरून दगावत. पाठ्यपुस्तकांत यावर हाताशी येईल असे फारसे काही नव्हते. डॉक्टरला हवे होते ते दोन प्रश्नांचे उत्तर: कोणाला ठेवून घ्यायचे आणि काय द्यायचे?

बावस्करांनी रुग्णांजवळ राहून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या यांच्या नोंदी ठेवल्या. धोक्याची पूर्वचिन्हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. उलट्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय दिसले, की रुग्ण बिघडणार. नुसतीच दंशाच्या जागी असह्य कळ असेल, तर सहसा जिवाला धोका नसतो. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर उपयोगी पडते, हे १९८६ च्या लेखात आले. आडगावच्या डॉक्टरलाही वापरता येईल असे हे ज्ञान होते, आणि त्याने असंख्य जीव वाचले.

डॉक्टरांच्या अशा प्रश्नांची मोजदाद अमेरिकेत झाली. लॉस एंजेलिसमधल्या ४७ डॉक्टरांच्या १९८५ च्या पाहणीत दर तीन रुग्णांमागे साधारण दोन प्रश्न निघाले. त्यांतल्या जेमतेम ३० टक्के प्रश्नांना रुग्ण असेतोवर उत्तर मिळाले, तेही बहुधा दुसऱ्या डॉक्टरकडून. आयोवातल्या १९९९ च्या पाहणीत तर बहुतेक प्रश्नांचा पाठपुरावाच झाला नाही. ज्यांचा झाला, त्यांना सरासरी दोन मिनिटेही मिळाली नाहीत.

त्याआधी, १९७० च्या दशकात, स्टॅनफर्डला घडलेली ‘मायसिन’ ही प्रणाली जंतुसंसर्गावर तज्ज्ञांच्या तोडीचा सल्ला देई. पण एकेका रुग्णासाठी तिच्या प्रश्नांमागून प्रश्नांची उत्तरे टंकावी लागत, आणि प्रत्यक्ष उपचारांत ती कधी आलीच नाही. डॉक्टरकडे तेवढा वेळ नसतो, ही बाब रचनाकारांनी फार उशिरा मनावर घेतली.

भारतात २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ने आरोग्य केंद्रातून दूरच्या तज्ज्ञ डॉक्टरला विचारण्याची सोय केली.