प्रकाशतंतू संवेदक, वृक्कविकारांचे
वृक्काला (मूत्रपिंडाला) झालेली इजा दर्शविणारी द्रव्ये रक्तात वा मूत्रात ओळखण्यासाठी, बारीक तंतूतून वाहून नेलेल्या प्रकाशाचा उपयोग करणारी साधने.

वृक्कविकाराची रासायनिक खूण प्रस्थापित करण्याचे श्रेय लंडनच्या गाय रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांना देतात. अंगावर सूज आलेल्या रुग्णांचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापविल्यास ते साखळते आणि अशांच्या शवविच्छेदनात वृक्क विकृत आढळतात, हे त्यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केले. साखळणारे हे प्रथिन दोमेनीको कोतून्यो यांनी अठराव्या शतकातच पाहिले होते. त्याचा वृक्काशी संबंध मात्र ब्राइट यांनी जोडला. पुढे माक्स याफे यांनी १८८६ मध्ये क्रिॲटिनीन व पिक्रिक अम्ल यांची क्षारीय विद्रावात नारिंगी-तांबडा रंग देणारी विक्रिया वर्णिली. तिच्यावर आधारलेली मापनपद्धती अद्यापि प्रचारात आहे. तथापि गाळणक्षमता जवळजवळ निम्मी घटेपर्यंत रक्तातील क्रिॲटिनिनाचे प्रमाण सामान्य मर्यादेत राहू शकते, हा तिचा मोठा दोष होय. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ बालकांच्या अभ्यासात (२००५) क्रिॲटिनिनावरून इजेचे निदान होण्यास एक ते तीन दिवस लागले. एनगॅल हे प्रथिन मात्र दोन तासांतच वाढलेले आढळले. उपचारांच्या दृष्टीने हा अवधी निर्णायक ठरू शकतो.

तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याचे प्रयोग हॅरल्ड हॉपकिन्झ व नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. तंतूच्या टोकाशी रंजकद्रव्य बसवून शरीरातील पीएच मूल्य मोजणारी शलाका अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील जे. आय. पीटरसन व सहकारी यांनी १९८० मध्ये वर्णिली. आर. सी. जॉर्गेनसन व एस. एस. यी यांनी १९९३ मध्ये तंतूच्या उघड्या गाभ्यावर धातूचा पातळ थर देऊन निराळा मार्ग दाखविला. अशा थरावर प्रतिपिंडे बसविली असता त्यांना इष्ट प्रथिन चिकटते, लगतचा प्रणमनांक बदलतो आणि ज्या तरंगलांबीचा प्रकाश सर्वाधिक शोषला जातो ती सरकते.

एनगॅल, सिस्टॅटीन-सी यांसारख्या प्रथिनांना ही रीत मानवते. क्रिॲटिनिनाचा रेणू मात्र इतका लहान (रेणुभार सु. ११३) आहे की, तो चिकटल्याने प्रणमनांक फारसा बदलत नाही, म्हणून तेथे एंझाइमे किंवा त्या रेणूच्या आकाराचे साचे असलेली बहुवारिके वापरून पाहण्यात आली आहेत. खरी अडचण मूत्राचीच आहे. त्यातील लवणे व पाण्याचे प्रमाण तासागणिक बदलते व इतर प्रथिनेही थराला चिकटतात. त्यामुळे शुद्ध विद्रावात उत्तम ठरलेला संवेदक रुग्णाच्या नमुन्यात फसू शकतो.