मंद संगणकाची चिकित्सा

घरांत संगणक आला कीं पहिल्या वर्षीं त्याच्या चपळाईचें कौतुक होतें आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षीं त्याच्या मंदपणाविषयीं कुरकुर सुरू होते. यंत्र तेंच असतें. त्याच्या चिपा म्हाताऱ्या बैलाप्रमाणें थकलेल्या नसतात. वाढलेलें असतें तें त्यांच्यावरील ओझें. अशा वेळीं यंत्र मोडींत न काढतां त्याचा एखादा भाग बदलून त्यास पुन्हां धांवतें करावें, ही कल्पना घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. मात्र खोळंबा नेमका कोठें होतो हें ओळखणें वाटतें तितकें सोपें नाहीं. आणि तें ओळखल्यावरहि पेटीचें झांकण उघडण्याचा अधिकार कोणाचा, यावरून विकणारा व विकत घेणारा यांच्यांत आरंभापासून रस्सीखेंच चालत आली आहे.

जानेवारी १९७५ मध्यें ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हें यंत्र झळकलें. न्यू मेक्सिकोंतील आल्बुकर्क येथील ‘मिट्स’ ही कंपनी तें सुट्या भागांच्या रूपानें चारशें डॉलरांच्या आंत विकीत असे. त्याची मेमरी होती अवघी २५६ बाइटांची. म्हणजे रोमन लिपींतील २५६ अक्षरें, पोस्टकार्डाच्या अर्ध्या बाजूचा मजकूर! एवढ्याशा जागेंत कांहींच काम होण्याजोगें नव्हतें. पण त्याच्या आंत शंभर तारांची एक पट्टी होती व तींत नवीं कार्डें खोंवण्याची सोय होती. मिट्सचें स्वतःचें चार किलोबाइटांचें मेमरी-कार्ड भरंवशाचें निघालें नाहीं. तेव्हां कॅलिफोर्नियांतील ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ या हौशी मंडळांतील बॉब मार्श यानें ‘प्रोसेसर टेक्नॉलॉजी’ नांवाची कंपनी काढून त्याच पट्टींत बसणारें चांगलें कार्ड विकावयास आरंभ केला. मिट्सनें ‘बेसिक’ ही भाषा आपल्या कार्डांबरोबर स्वस्त व एकटी घेतल्यास महाग ठेविली होती. परिणाम असा झाला कीं, गिऱ्हाइकें कार्ड मार्शचें घेत आणि बेसिकची नक्कल मित्राकडून करून घेत. फेब्रुवारी १९७६ मध्यें बिल गेट्स या तरुणानें हौशी मंडळींस उद्देशून जें रागावलेलें अनावृत पत्र लिहिलें, त्याच्या पाठीमागें हा मेमरीच्या कार्डांचा व्यापारहि होता.

पुढें १९७७ मध्यें ‘ॲपल टू’ निघाला. त्याच्या रचनाकारानें, स्टीव्ह वॉझनियाकनें, आठ खांचा हव्यात असा हट्ट धरला. त्याचा भागीदार स्टीव्ह जॉब्स यास दोन पुरेशा वाटत होत्या. वॉझनियाकचें चाललें, आणि त्या आठ खांचांच्या जोरावर तें यंत्र अनेक वर्षें टिकलें. परंतु १९८४ च्या जानेवारींत आलेल्या मॅकिन्टॉशच्या वेळीं जॉब्सचें चाललें. किंमत २,४९५ डॉलर, मेमरी १२८ किलोबाइट, फ्लॉपीचें तोंड एकच, आणि खांच एकहि नाहीं. पेटीचे स्क्रू इतके खोल व अशा निराळ्या माथ्याचे होते कीं, लांब दांड्याचा खास पेचकस असल्याखेरीज ती उघडत नसे. गिऱ्हाइकानें आंत हात घालूं नये अशीच योजना होती.

चित्रांनीं बोलणारा तो पडदा पाहून लोक मोहित झाले. पण एका फ्लॉपीवरील मजकूर दुसरीवर उतरवावयाचा झाला म्हणजे मोह उतरे. मेमरींत मावेल तेवढा भाग उचलावा, पहिली फ्लॉपी बाहेर काढावी, दुसरी घालावी, उचललेला भाग तींत ओतावा, पुन्हां पहिली घालावी. पेल्यानें हौद उपसण्यासारखाच तो प्रकार होता. यंत्राचा प्रोसेसर त्या काळच्या मानानें चांगला वेगवान होता, पण बहुतेक वेळ तो हात बांधून बसे.

हें होणार हें मॅकिन्टॉशचें मुख्य कार्ड आंखणाऱ्या बरेल स्मिथला आधींच दिसलें होतें. चौपट क्षमतेच्या चिपा लवकरच बाजारांत येणार, तेव्हां कार्डावर थोड्या जास्तीच्या वाटा आंखून ठेवाव्या, खर्च कांहीं पैशांचा, असें त्याचें म्हणणें. जॉब्सनें तें फेटाळलें. जुन्या यंत्रांत दुसऱ्याची मेमरी घालण्यापेक्षां गिऱ्हाइकानें नवें यंत्रच घ्यावें हें त्यास बरें वाटे. स्मिथनें त्या वाटा तशाच राहूं दिल्या आणि कोणीं त्याचा बोभाटा केला नाहीं. सप्टेंबर १९८४ मध्यें ॲपलनें ५१२ किलोबाइटांचा मॅकिन्टॉश सातशें डॉलर अधिक किंमतीस विक्रीस काढिला. तोंवर धाडसी लोकांनीं कार्ड बाहेर काढून, जुन्या सोळा चिपा उपटून, त्या जागीं नव्या सोळा बसविण्याची युक्ति हस्तगत केलीच होती. प्रत्येक चिपेस सोळा पाय, म्हणजे डाख लावण्याचे २५६ सांधे. त्यांतील एक बिघडला तरी अडीच हजार डॉलरांचें यंत्र निकामी व्हावयाचें. एवढी जोखीम पत्करून लोक तें करीत, यावरून फ्लॉपी बदलण्याचा त्यांना किती वीट आला असेल याची कल्पना करावी.

आय. बी. एम. ची रीत याच्या उलट होती. ऑगस्ट १९८१ मध्यें आलेल्या तिच्या घरगुती संगणकास पांच खांचा होत्या, आणि ८०८८ या ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरशेजारीं एक सॉकेट मुद्दाम रिकामें ठेविलेलें होतें. त्यांत ८०८७ ही गणिती चिप बसविली कीं अपूर्णांकांच्या किचकट आंकडेमोडीस लागणारे तास मिनिटांवर येत. पत्र लिहिणाऱ्यास मात्र तिचा कवडीचा उपयोग नसे. दुखणें एका अवयवाचें व औषध दुसऱ्याचें, अशी फसगत संगणकाच्या बाजारांत तेव्हांपासून नित्याची आहे. जपानच्या ‘नेक’ कंपनीनें व्ही-२० नांवाची चिप काढिली. जुनी ८०८८ काढून तिच्याच सॉकेटांत ती दाबून बसविली कीं यंत्र थोडें चपळ होई. यावरून इंटेल व नेक यांच्यांत कज्जा झाला. १९८९ मध्यें अमेरिकन न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, चिपेच्या पोटांतील सूक्ष्म आज्ञावलीस लेखनाप्रमाणें हक्काचें संरक्षण आहे, परंतु नेकनें त्याचा भंग केलेला नाहीं.

इंटेलच्या ४८७ चिपेची हकीकत तर विनोदीच आहे. १९९१ मध्यें ‘४८६ एसएक्स’ हा स्वस्त प्रोसेसर निघाला. त्यांत गणिताचा भाग चालूं ठेविलेला नव्हता. तो हवा असल्यास शेजारच्या सॉकेटांत ४८७ बसवावयाची. वस्तुतः ती मदतनीस नव्हतीच. ती एक संपूर्ण ४८६ चिप होती आणि जागेवर बसतांच जुन्या चिपेस बंद करून सारें काम स्वतः करूं लागे. दोन पगार देऊन एकाच कारकुनाकडून काम करून घ्यावें, तशांतला तो व्यवहार होता.

१९९५ मध्यें ‘विंडोज ९५’ आल्यावर घरोघर मेमरीचीच टंचाई भासूं लागली. चार मेगाबाइट पुरतील असें खोक्यावर छापलेलें असे. पण जागा संपली कीं संगणक मेमरींतील मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवी व लागेल तसा परत आणी. डिस्कचा दिवा अखंड लुकलुके आणि पडदा ढिम्म राही. मेमरी महाग असल्यानें त्याच वर्षीं ‘सॉफ्टरॅम ९५’ नांवाचा एक कार्यक्रम निघाला. यंत्रांत कांहीं न घालतां मेमरी दुप्पट करतों, असा त्याचा दावा. सहा लाखांवर प्रती खपल्या! तपासाअंतीं तो मेमरींत कांहींच भर घालीत नाहीं असें सिद्ध झालें व १९९६ मध्यें अमेरिकन व्यापार आयोगानें कारवाई केली. आंकडा वाढलेला दाखविणारी पाटी तेवढी त्यानें रंगविली होती.

भारतांत १९८४ च्या संगणक-धोरणानें आयातीचे निर्बंध सैल झाले आणि नव्वदच्या दशकांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर व पुण्याच्या तपकीर गल्लींत सुटे भाग जुळवून दिलेले ‘असेंबल्ड’ संगणक मध्यमवर्गीय घरांत शिरले. अशा यंत्राचा मोठा गुण हा कीं, त्याचें झांकण उघडण्याची कोणास भीति वाटत नसे. यंदा मेमरी, पुढल्या वर्षीं डिस्क, असें ऐपतीप्रमाणें तें वाढत जाई.

पण सर्वांत जुनें दुखणें तसेंच राहिलें होतें. आय. बी. एम. च्या १९८३ च्या ‘एक्सटी’ संगणकांतील हार्ड डिस्कला हवी ती जागा शोधण्यास सुमारें ८५ मिलिसेकंद लागत. पंचवीस वर्षांत प्रोसेसरचीं स्पंदनें सहाशेंपट झालीं. डिस्कची तत्परता मात्र दहापटहि वाढली नाहीं. कारण उघड आहे. ती फिरणारी वस्तु आहे. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हात योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी आठ-नऊ. सेकंदास सत्तर-ऐंशी वेळांहून अधिक ठिकाणीं ती पोंचूं शकत नाहीं, मग प्रोसेसर कितीहि तेज असो. जपानच्या तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यानें १९८४ मध्यें जगापुढें मांडलेली ‘फ्लॅश’ मेमरी यावर उतारा ठरली. तींत कांहीं फिरत नाहीं. २००८ मध्यें इंटेलनें ८० गिगाबाइटांची ‘एक्स २५-एम’ ही एसएसडी काढिली. हजारांच्या घाऊक खरेदींतहि तिची किंमत ५९५ डॉलर होती, पण जुन्या हार्ड डिस्कच्याच जागेंत ती बसे व मजकूर मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शांत शोधून देई. किंमती उतरल्यावर मोडींत निघालेले लॅपटॉप या एका भागानें उठून बसले. प्रोसेसर बदलून जें झालें नव्हतें, तें डिस्क बदलून झालें.

आणि नेमकें याच सुमारास झांकणें पुन्हां बंद होऊं लागलीं. २०१२ च्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्यें मेमरी डाख लावून पक्की केलेली होती. २०२० च्या ‘एम-वन’ यंत्रांत ती प्रोसेसरच्याच आवरणांत गेली. यांत केवळ विक्रीचा डाव आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल; वाट जितकी आंखूड, तितका वेग अधिक व वीज कमी, हें खरेंच आहे. २०२१ च्या ‘विंडोज ११’ नें तर चांगल्या चालत्या यंत्रांसहि केवळ प्रोसेसरची पिढी जुनी म्हणून दार बंद केलें. त्यांत मेमरी कितीहि घातलेली असली तरी तिचा उपयोग नव्हता. तथापि डिसेंबर २०२३ मध्यें ‘जेडेक’ या मानक ठरविणाऱ्या संस्थेनें चपट्या, काढतां-घालतां येणाऱ्या नव्या मेमरी-कार्डाचें मानक प्रसिद्ध केलें. २०२४ च्या लेनोव्हो थिंकपॅड पी-१ मध्यें तें बसून आलें आहे. तीन स्क्रू काढले कीं तें हातांत येतें.