कचरा कुणाच्या दारात?

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने सभासदांना आपल्या जिल्ह्याचा अगदी अलीकडचा इतिहास सांगतो. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहराचा कचरा वर्षानुवर्षे नारेगावला पडत होता. धूर, दुर्गंधी, माश्या. गावकरी सांगून सांगून थकले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. पुढे उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली.

शहरात रोज ४०० टनांच्या आसपास कचरा. तो जाणार कुठे? रस्तोरस्ती ढीग लागले. गाड्या ज्या गावाकडे वळत, ते गाव आडवं येई. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक, लाठीमार, जाळपोळ झाली. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव भागात प्रक्रिया केंद्रं आणि आपल्या पैठण रोडवर कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅसचा प्रकल्प उभा राहिला.

बँकेतल्या माणसाला यात एकच हिशेब दिसतो: आपली नावे रक्कम दुसऱ्या गावाच्या खात्यावर टाकली, म्हणून ती फिटत नाही. ऑरिकमुळे बिडकीन वाढतंय, तसा कचराही वाढणार. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करा, असं २०१६ चे नियम सांगत आले. येत्या वार्षिक सभेत सोसायटीच्या आवारातच खतखड्डा करण्याचा ठराव मी मांडणार आहे. दुर्गंधीची शंका असेल त्यांनी सभेत जरूर विचारावं. पण आधी डबे दोन ठेवावेत, ही विनंती.