ब्रोरा : उसन्या नावाची भट्टी

बंद पडलेल्या डिस्टिलरीविषयी लिहिताना एक हळवेपणा सहज शिरतो. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील ब्रोरा 1983 साली, मागणी घटून साठे तुंबल्यामुळे, बंद झाली. पुढे तिच्या उरलेल्या बाटल्यांना हजारो पौंडांचा भाव आला आणि दिवंगत आप्ताविषयी बोलावे तशा सुरात रसिक तिच्याविषयी बोलू लागले. आम्हांस मात्र तिच्या मरणापेक्षा तिचा जन्म अधिक विचारणीय वाटतो.

ही भट्टी 1819 साली मार्क्विस ऑफ स्टॅफर्डने बांधविली. त्याच वर्षी त्याच्या पत्नीच्या, म्हणजे काउंटेस ऑफ सदरलंडच्या, वडिलार्जित मुलखात स्ट्रॅथनेव्हर आणि किल्डोनन या खोऱ्यांतून गेलिक बोलणाऱ्या कुळांना हुसकावून लावले जात होते. खोरी मेंढ्यांना, माणसे किनाऱ्याला, असा तो हिशेब. किनाऱ्याकडच्या कुळांनी पिकविलेला सातू चोरट्या भट्ट्यांकडे न जाता परवान्याच्या भट्टीत यावा, आणि ती ब्रोराच्याच खाणीतील कोळशावर चालावी, हीही त्याच हिशेबातली कलमे. इस्टेटीचा कारभारी जेम्स लॉक याने 1820 मध्ये ग्रंथ लिहून या साऱ्याला ‘सुधारणा’ म्हटले. वसाहतकालीन इतिहास वाचणाऱ्यांना हा शब्द अनोळखी नसावा.

भट्टीचे मूळ नाव क्लाइनलिश. 1960 च्या दशकाअखेर शेजारीच नवी भट्टी उभी राहिली आणि ते नाव तिच्याकडे गेले. जुनी काही काळ थंड राहून 1969 साली पुन्हा पेटली. धुरकट चवीच्या मद्याची गरज होती म्हणून. तिला गावाचे नाव लावण्यात आले. आज जिची एवढी थोरवी गायिली जाते ती ‘ब्रोरा’ म्हणजे या उसन्या नावाची जेमतेम चौदा वर्षे.

2021 मध्ये तीच दोन जुनी ताम्रपात्रे दुरुस्त करून भट्टी पुन्हा सुरू झाली. स्ट्रॅथनेव्हरमधील रोझल हे गाव मात्र पडक्या जोत्यांच्या खुणांवरूनच ओळखावे लागते.

कादंबरीकार नील गन हा पेशाने अबकारी अधिकारी होता. या विस्थापनावरील त्याची ‘बुचर्स ब्रूम’ ही कादंबरी 1934 ची, तर ‘व्हिस्की अँड स्कॉटलंड’ हे पुस्तक 1935 चे. अभ्यासक पहिले वाचतात, रसिक दुसरे. सदरलंडपुरती तरी ती दोन्ही एकाच बैठकीत वाचावीत, असे आम्ही सुचवू.